डोहावरची पाटी

मित्रांनो, मी सागवानी फळीची एक जुनी पाटी आहे. शिंदखेड्याच्या सुताराने मला रंधा मारला, ते साल होते १९५४. रंगाऱ्याने माझ्यावर लाल रंगात ठळक लिहिले, ‘पाणी दूषित आहे. पोहू नये, पिऊ नये.’ अक्षर इतके सुरेख की त्याच्या दुकानासमोरून येणारे-जाणारे थांबून पाहत. मला फार अभिमान वाटे.

वरच्या गावात पटकीची साथ होती आणि रोग्यांचे कपडे तापीतच धुतले जात होते. आरोग्य खात्याचे धनसिंग खालच्या आमच्या गावच्या डोहाचे पाणी बाटल्यांत भरून तपासायला धुळ्याला घेऊन गेले. निकाल येताच भर दुपारी त्यांनी मला काठावर रोवले. काठावर चिटपाखरू नव्हते. पुढचे गाव गाठायचे म्हणून ते घाईने निघून गेले.

उन्हे उतरल्यावर पितांबर आला. अर्ध्या गावाला पोहायला त्यानेच शिकवले होते. बरोबर धाकटा भाऊ लोटन होता. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. पितांबरने माझ्यावरून हात फिरवला.

“सरकारनी आपला डोहले पाटी लाई दिन्ही!” तो कौतुकाने म्हणाला.

दोघांनी सूर मारले. लोटन तर तोंडात पाणी भरून चुळा उडवत होता. मला ओरडता येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी लोटन गेला.

धनसिंग पितांबरला घेऊन धावत माझ्यापाशी आले. “पाटी लावली होती ना, भाऊ?”

“माले वाचता कोठे येस?” पितांबर म्हणाला. “तठे काय लिखेल शे?”

धनसिंगांनी वाचून दाखवले. पितांबर माझा खांब धरून खाली बसला.

पुढे महिनाभर तो रोज माझ्याजवळ बसे. येईल त्याला हात जोडून सांगे, “पानीमा उतरू नका. मना भाऊ गया.” गावात दुसरे कोणी दगावले नाही. साथ ओसरली, पाणी निवळले, लोक पुन्हा पोहू लागले. तो मात्र कधी गुडघ्यापलीकडे उतरला नाही. डोह रिकामा असतानाही कोणी सूर मारल्याचा आवाज येई. आम्ही दोघेही दचकून तिकडे पाहत असू. पाणी स्थिर असे.

आता मी चावडीच्या कोपऱ्यात धूळ खात पडले आहे. मित्रांनो, पाण्याकाठी पाटी जरूर लावा. पण लावून निघून जाऊ नका. पहिला माणूस येईपर्यंत थांबा, आणि त्याला ती मोठ्याने वाचून दाखवा.