हेड ऑफिसकडून कळवण्यात येते की

मास्तर गेले तेव्हा कुणाला कळवायची पाळी माझ्यावर आलीच नाही. दुकानातच गेले, भर सकाळी. समोरचा चष्मेवाला, बाजूची इस्त्रीवाली, दोन गिऱ्हाइकं, सगळी तिथेच होती. मी आतल्या खोलीत काजं करत होते. बाहेर आले तर इस्त्रीवालीने माझा हात धरून मलाच सांगितलं. पुढे जो भेटायला आला तोही मलाच सांगत आला. "गेले हो मास्तर." मी मान हलवायची. चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली, त्याची बातमी मला अख्ख्या गल्लीने दिली.

रडू काही आलं नाही. बायका वाट बघून बघून कंटाळल्या आणि उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, बाई कडक आहे. कडक-बिडक काही नाही. शिवणाऱ्याच्या बोटाचं टोक घट्टे पडून मरतं, सुई गेली तरी कळत नाही. तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. सहाव्या दिवशी दुकान उघडलं. आमचं दुकान मुख्यतः कोटदुरुस्तीचं, क्वचित एखादा नवा कोट. अस्तर बदलणं, बाही आखूड करणं, पोट सुटलेल्यांना दोन बोटं जागा काढून देणं. काम थांबत नाही. लोकांची पोटं कुणासाठी थांबतात?

तर मास्तरांचा एक ब्लॉग होता. सूनबाईने काढून दिला होता. रोज दुपारी दुकान बंद असलं की मास्तर खुर्चीवर मांडी घालून एका बोटाने टकटक करत बसायचे. कापड कसं बेतायचं, जुना कोट कसा उसवायचा, असलं काहीबाही. मी कधी वाचलं नाही. मी चार यत्ता शिकलेली, जोडाक्षर आलं की थांबून दम घेते. आणि खरं सांगायचं तर ऐटही होती. मी म्हटलं होतं, "हातांनी करायचं ते लिहून काय दाखवता? आणि माझं एक अक्षर तिथे आलं तर कात्री लपवून ठेवा." मास्तर हसले होते. ते बहुतेक वेळा हसूनच गप्प बसायचे.

तीन महिन्यांनी मुलगा म्हणाला, "आई, बाबांचा तो ब्लॉग बंद करू या. लोक अजून येऊन लिहितात त्याच्यावर."

"काय लिहितात?"

"बाबांनी शेवटी वाचकांना विचारलं होतं, आता पुढे काय लिहू, तुम्हीच ठरवा. चार पर्याय दिले होते. लोकांनी मतं दिली. उत्तर नाही म्हणून विचारताहेत."

"मग बंद कशाला करतोस? लोकांना विचारायचं आणि दाराला कडी लावायची? असं शिकवलं तुला?"

"मग मी दोन ओळी लिहून कळवतो, की..."

"तू काही कळवायचं नाहीस."

का म्हणाले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मुलाने सुनेकडे बघितलं, सुनेने छताकडे. आमच्या घरात अशीच चर्चा होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खुर्चीवर बसले. सूनबाईने कॉम्प्युटर लावून ब्लॉग उघडून दिला आणि ती कामावर गेली. मी बोट ठेवून वाचत गेले. एकाने विचारलं होतं, कोटाची बाही मागच्या बाजूला घड्या पाडते, काय करू? खाली तिघा शहाण्यांनी सांगितलं होतं, काखेत सैल करा. माझं डोकं फिरलं. काखेत सैल केलं तर हात वर करताना अख्खा कोट वर येईल, मेल्यांनो! तिथे लिहायला चौकोन होता. मी लिहिलं, "काखेला हात लावू नका. बाही पूर्ण उसवा. बोटभर पुढे फिरवा. कच्च्या टाक्यावर लावा. हात मोकळा खाली सोडून बघा. मग टीप मारा." एवढं लिहायला पाऊण तास लागला. बटण दाबलं आणि उठून भाजी चिरली.

संध्याकाळी सूनबाई फोन घेऊन आली.

"आई, तुम्ही उत्तर दिलंत?"

"दिलं. चुकलं का काही?"

"ते बाबांच्या नावाने गेलंय. बाबांच्या फोटोसकट. लोकांना वाटतंय ते परत आले."

मी फोन घेतला. खाली रांग लागली होती. मास्तर, कुठे होतात? मास्तर, तब्येत बरी ना? मास्तर, बाही झकास बसली, पण आज एवढं तोडून का बोललात? शेजारी मास्तरांचा फोटो, गळ्यात टेप, अर्धं हसू.

"आत्ता लिहून टाकू या ना," सूनबाई म्हणाली. "की चुकून झालं, बाबा आता..."

"उद्या बघू."

उद्या दुसराच प्रश्न आला. कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. त्याचं उत्तर दिलं. परवा अस्तराचा. असे पाच आठवडे गेले. गल्लीत मास्तर नव्हते, घरात नव्हते, पण तिथे दुपारी एक ते तीन होते. लोक त्यांना नमस्कार करत होते, थट्टा करत होते. मला आनंद होत होता असंही नाही. रोज पाणी भरतो तसं रोज भरत होते.

सूनबाईने एकदा स्पष्टच सांगितलं. "आई, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? अस्तराचं उत्तर बरोबर होतं का नव्हतं?"

"अस्तराचं बरोबर आहे. माणूस खोटा आहे."

"पोरी, तुला टाचणी टोचली तर तू डॉक्टरकडे जातेस. तू मला शिवणकाम शिकवू नकोस."

"मी शिवणकामाबद्दल बोलतच नाहीये," ती म्हणाली आणि भांडी जरा आपटून ठेवायला लागली. मला ते आवडलं. घरात कुणीतरी आवाज करत होतं.

मग त्या मतांचा निकाल समोर आला. मास्तरांनी विचारलं होतं: पुढे पँटीवर लिहू, जुन्या कोटांवर, बायकांच्या कोटांवर, की गिऱ्हाइकांच्या गमतींवर? आणि खाली म्हटलं होतं, आणखी काही सुचत असेल तर सांगा. तुम्ही बोट दाखवाल तिकडे मी कात्री घेऊन निघतो. चारही पर्यायांना थोडी थोडी मतं होती. पण खाली एकाने लिहिलं होतं, "हेड ऑफिसवर लिहा." आणि बाकी सगळे त्याच्याच मागे. हेड ऑफिस, हेड ऑफिस, मीपण हेड ऑफिस.

"हे कसलं ऑफिस?" मी विचारलं. "आपली कुठे शाखा आहे?"

सूनबाईने खुर्ची ओढली. मग तिने जुनं लिखाण उघडून दिलं आणि माझ्याजवळ बसून मोठ्याने वाचलं. "या कोटाची काजं मी पुरती झाली असं समजत होतो, परंतु हेड ऑफिसकडून कळवण्यात येते की ती वाकडी आहेत, सबब पुन्हा करावीत." दुसरीकडे, "खांद्याला भर किती घालावा यावर माझं आणि हेड ऑफिसचं दोन दिवस बोलणं बंद आहे. पत्रव्यवहार चहाच्या कपातून चालू आहे." आणखी एकीकडे, "हेड ऑफिस आज आजारी. दुकानात अतिशय शांतता. एकही टाका नीट पडला नाही."

"आता पुरे," मी म्हटलं.

"अजून पुष्कळ आहे, आई. जवळजवळ प्रत्येक लेखात आहे."

"पुरे म्हटलं ना."

माझं एक अक्षर तिथे येता कामा नये, असं मीच बजावलं होतं. आलं नव्हतं. माझा शब्द पाळला होता मेल्या माणसाने.

वाचक हटून बसले होते. मास्तर, लोकांनी ठरवलंय, आता पळवाट नाही. मीही ठरवलं, लिहून टाकू. बाहीचं मास्तरांच्या नावाने लिहिलं, हेही लिहू. दुपारी बसले. "हेड ऑफिस कडक आहे" एवढं लिहिलं. मग पुढे काय, ते येईना. मी मास्तरांबद्दल काय म्हणते ते मला तोंडपाठ होतं, गल्लीलाही तोंडपाठ होतं. विसराळू, वेळेचं भान नाही, खडू कानावर ठेवून घरभर शोधतात. पण ते माझ्याबद्दल काय म्हणतील? गमतीचं नव्हे, खरं? चव्वेचाळीस वर्षं बोलत मीच होते. त्यांचं उत्तर ऐकायला थांबल्याचं एकदाही आठवेना. दोन तास बसले. शेवटी ती एक ओळ पुसून टाकली. वाईट वाटलं असंही म्हणता येणार नाही. बधिर पायावर उभं राहिलं की पाय आहे एवढंच कळतं, जमीन कळत नाही, तसं झालं.

त्याच दिवशी खाली एक नवं उत्तर आलं. "सातवं बटण" या टोपणनावाने लिहिणारी कुणी बाई होती. फार जुनी वाचक. तिने लिहिलं होतं:

"मास्तर, हेड ऑफिसचं नका लिहू हवं तर. तुम्ही आहात तेवढं पुरे. तीन महिने तुमचं काही आलं नाही तेव्हा मी रोज उघडून बघत होते. माझे वडील दुसऱ्या गावी राहायचे. भावाने मला आठ महिने कळवलंच नाही, तुला त्रास होईल म्हणाला. आठ महिने मी त्यांना पत्रं लिहीत होते. तुम्ही परत आलात म्हणून मी इतक्या दिवसांनी तुमच्याकडे बघून शिवायला बसले."

मी ते तीन वेळा वाचलं. जोडाक्षरं होती, पण थांबले नाही. मग सूनबाई यायची वाट बघत दारात उभी राहिले. ती आली. तिची चप्पल काढून झाली नव्हती तोच मी म्हटलं, "बस. मी सांगते तसं होतंय का बघ. तू लिहायचं नाहीस, मी लिहिणार. तू नुसती बस."

"काय लिहिणार आहात?"

"काय म्हणजे? तू पाच आठवडे काय भुणभुण लावली आहेस?"

ती बसली. मी बोट ठेवलं. "मास्तर" लिहून झालं. पुढचा शब्द दोनच अक्षरांचा, जोडाक्षर नाही, काना-मात्रेचं काही अवघड नाही. पहिलीतल्या पोराला येईल. माझं बोट तिथे अधांतरी राहिलं.

"मी लिहू का?" सूनबाई अगदी हळू म्हणाली.

"गप गं."

हा शब्द मी तोवर एकदाही उच्चारला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. सगळ्यांनी माझ्यासाठी उच्चारला होता. मी एक अक्षर दाबलं. मग दुसरं. मग बाकीचं एका दमात लिहिलं, म्हणजे माझ्या दमात, दिवे लागेपर्यंत.

"मास्तर गेले. चार महिने झाले. मंगळवारी सकाळी, टेबलावर कापड अंथरताना. दुखलं खुपलं नाही असं डॉक्टर म्हणतात, मी बघितलं नाही. त्यानंतरची सगळी उत्तरं माझी होती. मी हेड ऑफिस. उत्तरं बरोबर आहेत, ती बदलू नका. पण ती मास्तरांची म्हणून घेतलीत ही माझी चूक. सातव्या बटणाची मी जास्त गुन्हेगार आहे. मास्तर माझ्याबद्दल काय लिहिणार होते ते मला माहीत नाही, म्हणून ते लिहिता येत नाही. हा ब्लॉग बंद करायचा का चालवायचा, आणि चालवायचा तर काय लिहायचं, ते तुम्ही सांगा. मला शिवण येतं. दुसरं येत नाही. जास्त गोड बोलणाऱ्यांनी लिहू नये."

सूनबाई म्हणाली, "दोन ठिकाणी शुद्धलेखन..."

"राहू दे. मी लिहिलंय ते कळू दे."

बटण दाबलं. काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. चष्मेवाल्याने दुकान बंद केल्याचा आवाज आला. मी एका कोटाची उरलेली दुमड शिवायला घेतली.

दोन दिवस उघडलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, शंभरावर उत्तरं आलीत." म्हटलं, येऊ देत. जेवताना तो एकेक वाचून दाखवायला लागला, तर त्याला म्हटलं, घास गिळ आधी. काही रागावले होते, फसवलं म्हणाले. बरोबरच होतं. काही फार गोड बोलले, सांगूनही. एकाने तिथेही विचारलं होतं, की आता बाहीचा प्रश्न कुणाला विचारायचा? मुलगा चिडला. मी म्हटलं, "त्याच्यावर का चिडतोस? या सगळ्यांत कामाचं तेवढाच बोललाय. त्याला सांग, मला विचार."

"म्हणजे चालवणार?"

"मी कुठे काय म्हणाले?"

तिसऱ्या दुपारी सूनबाईने सुट्टी घेतली होती. ती फोन घेऊन माझ्यासमोर आली. "सातव्या बटणाचं आलंय. वाचू?"

"शिव्या घातल्या असतील."

"नाही." तिने वाचलं. "'कळवलंत. बरं केलंत. मला कुणीतरी कळवलं, एवढंच हवं होतं. पुढे काय लिहायचं असं विचारलंत म्हणून सांगते. शिवण नंतर लिहा. त्या मंगळवारी टेबलावर कापड कुठलं होतं, ते लिहा.'"

मी हातातला कोट खाली ठेवला. चार महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं, कसं झालं, किती वाजता झालं, वय काय होतं.

"माहीत आहे तुम्हाला?" सूनबाईने विचारलं.

माहीत नसायला काय झालं? मीच तर ते नंतर घडी करून ठेवलं. घडी करताना मधोमध खडूची रेघ होती. कोटाच्या पाठीची. अर्ध्यावर आलेली, पुढे नाही. मी ती झटकली नाही. कापड तसंच फळीवर वर ठेवलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, तुमचं काम होणार नाही, दुसरीकडे बघा. दुसरं कापड घेऊन दिलं त्याला.

खुर्चीवर जाऊन बसले. "करडं" लिहिलं. मग, "बारीक निळी रेघ असलेलं." मग खडूचं लिहायला घेतलं आणि पडदा दिसेनासा झाला. चष्मा काढून पुसला, तरी दिसेना.

सूनबाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "एवढंच पाठवू का आज?"

"थांब," मी म्हटलं. "रेघ किती लांब होती ते राहिलंय."