नापास पुंगळी

“बाबा, प्रेसवरची डाय कुणी बदलली?”

धम्मदीना गॅरेजच्या दारात उभी होती. वेलिंग्टनच्या ट्रेनमधून नुकतीच उतरलेली, ऑफिसची बॅग अजून खांद्यावर. आत स्टुलावर बसून मारोतराव वानखडे फडक्याने एक रिकामी पितळी पुंगळी पुसत होते. घरात बापलेकीखेरीज तिसरं माणूस नव्हतं, तेव्हा ‘कुणी’ विचारण्यात तसा काही अर्थ नव्हता.

“मीच बदलली. तुझी ती डाय काही कामाची नव्हती. एक पुंगळी मापाच्या गेजमध्ये जाईल तर शपथ, सगळ्या नापास! खणात ही दुसरी सापडली. आता बघ कशा सरसर जातात.”

“सगळ्या करून टाकल्या?”

“सगळ्या,” मारोतराव म्हणाले आणि शाबासकीची वाट बघत बसले.

शाबासकी काही आली नाही. धम्मदीना बॅगेसकट पायरीवर बसली.

ती ट्रेंटहॅमच्या रेंजवर लांबच्या कागदी निशाणांवर रायफल चालवायची आणि काडतुसं घरीच भरायची. बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या कुलपात असत; लायसन्स तिचं, किल्लीही तिची. मात्र उडवून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुसून प्रेसवरच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायचं काम तिने अप्पर हटला तिच्याकडे राहायला आलेल्या वडिलांकडे दिलं होतं. माणूस नुसता बसून किती चहा पिणार? आणि हा माणूस तर वरणगावच्या काडतुसांच्या फॅक्टरीत अख्खी नोकरी पुंगळ्या तपासून रिटायर झालेला.

“बाबा, ती नेक डाय होती. ती फक्त पुंगळीची मान आवळते, बाकी अंगाला हात लावत नाही. पुंगळी उडताना माझ्या रायफलमध्ये फुगते, तिच्याच मापाची होते. ती तशीच राहू द्यायची, म्हणजे परफेक्ट बसते आणि नेम अचूक लागतो. तुम्ही लावलीत ती फुल लेंग्थ. ती सगळं अंग दाबून परत कारखान्याच्या मापाला आणते.”

“मग चांगलंच की! कुणाच्याही बंदुकीत बसेल.”

“कुणाच्याही कशाला बसायला पाहिजे? माझी एकच रायफल आहे!”

मारोतराव पुन्हा फडकं चालवू लागले. कुणाच्याही बंदुकीत बसली पाहिजे, या एका नियमावर त्यांनी संसार केला होता, याच मुलीला इंजिनियर केलं होतं. एकाच बंदुकीपुरती पुंगळी ही कल्पनाच त्यांना चैनीची वाटली.

“शनिवारी क्लबची टीम निवडणार आहेत,” धम्मदीना म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “असू दे. तुम्ही राहू द्या बाबा, यापुढे मीच करत जाईन.”

ती चिडली असती तर परवडलं असतं. मारोतरावांना ते ‘राहू द्या’ फार लागलं. पुढचे दिवस त्यांनी सोफ्यावर बसून, खिडकीबाहेर दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या मांजराला नावं ठेवण्यात घालवले. शुक्रवारी जेवताना म्हणाले, “दीना, माझं परतीचं तिकीट अलीकडे करता येतं का बघ.”

“का?”

“तिकडं घर बंद आहे ना.”

घर ते निघाले त्या दिवसापासून बंद होतं. धम्मदीनाने त्यांच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.

शनिवारी ती त्यांना रेंजवर घेऊनच गेली. गोळी सुटताना बघण्याची मारोतरावांची ही पहिलीच वेळ. फॅक्टरीत चाचणीचे आवाज यायचे, ते भिंतीपलीकडून. इथे ते कानावर मफ चढवून मागच्या खुर्चीत बसले आणि चटईवर पालथ्या पडलेल्या लेकीकडे बघत राहिले. 

टीममध्ये तिचं नाव आलं नाही.

“पुढच्या वेळी, मेट,” शेजारच्या चटईवरचा, टीममध्ये आलेला बॅरी तिला म्हणाला.

“खूपच वारा होता, बाबा,” धम्मदीना म्हणाली. वारा बॅरीलाही तेवढाच होता, हे मारोतरावांना दिसत होतं. ते वाकून चटईजवळच्या पुंगळ्या डब्यात गोळा करू लागले. एक अजून कोमट होती. ती त्यांनी डब्यात टाकली नाही, हातातच ठेवली.

“ही मीच दाबलेली ना?”

“तुमचीच.”

“कुठं लागली?”

“कागदाला. जरा डावीकडे गेली.”

मारोतरावांनी मूठ मिटली. “आमच्याकडून लाखोंनी गेल्या गं. परत एक आली नाही. कुठं गेल्या, कुणाला लागल्या, कुणी सांगितलं नाही, अन् आम्हीबी विचारलं नाही. रविवारी विहारात जीवहिंसा करणार नाही म्हणून शील घ्यायचं अन् सोमवारी पहिल्या पाळीला हजर. तुझ्या आईला एकदा बोललो होतो. ती म्हणाली, पोरीची फी भरायची आहे.”

 धम्मदीनाने त्यांच्या हातातला डबा घेतला, आणि दोघं मिळून उरलेल्या पुंगळ्या वेचू लागले.

घरी आल्यावर तिने प्रेसवरची डाय काढली आणि नेक डाय त्यांच्यापुढे धरली. “घ्या. आज उडाल्या ना, आता परत माझ्या रायफलच्या मापाच्या झाल्या.”

“अन् पुन्हा काही चुकलं तर?”

“चुकलं तर कागदच फाटेल, बाबा.”

मारोतरावांनी डाय घेतली. “मग तिकिटाचं राहू दे सध्या,” ते म्हणाले. “एवढ्या पुंगळ्या कोण दाबणार?”

ती आत चहा ठेवायला गेली. मारोतरावांनी डाय बसवली, पहिली पुंगळी लावली आणि दांडा सावकाश खाली ओढला. बाहेर काढून पुसली आणि हाताच्या सवयीने गेजमध्ये घालून पाहिली. पुंगळी वरच अडली.

नापास.

मारोतरावांनी ती पास झालेल्यांच्या डब्यात ठेवली आणि दुसरी उचलली.