मामांची उलटी पट्टी

सोहऱ्यात, म्हणजे चेरापुंजीत, पाऊस मोजायला सरकारी माणूस आहे. गळती मोजायला काँग ट्रिलींच्या घरी पातेली होती. चिमणीच्या कडेने पाणी उतरायचं आणि थेट चुलीत पडायचं. दर हिवाळ्यात त्यांचे थोरले भाऊ, बाह शेम्बोर, वर चढून डांबराचा नवा थर देत. अकरा वर्षांत डांबर विटांहून जाड झालं, गळती मात्र होती तेवढीच राहिली.

"या खेपेला गळलं तर चिमणी पाडते," काँग ट्रिलींनी जाहीर केलं. "गॅसवर भात शिजतोच की."

हे म्हणताना त्या चुलीकडे बघत नव्हत्या. सगळं घर संध्याकाळी तिथेच जमायचं, भांडायलासुद्धा.

जावई किटबोर ऐकत होता. खासी रीतीप्रमाणे घर धाकट्या लेकीचं, म्हणून लग्नानंतर तो इथे राहायला आला होता. धंद्याने पत्रेवाला. पहिल्याच महिन्यात त्याने वर चढून दुखणं ओळखलं होतं. चिमणी आणि पत्र्याच्या सांध्यावरची वाकवलेली पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, उलटी होती. उताराच्या वरच्या अंगाला तिची कड पत्र्याखाली सरकवायची, तर ती पत्र्यावर ठोकलेली. उतारावरचं पाणी बिनदिक्कत तिच्याखाली शिरत होतं. पण पट्टी मामांच्या, म्हणजे बाह शेम्बोर यांच्या हातची. आणि त्या घरात मामांचा शब्द शेवटचा, जावयाचा मांजरानंतर.

"सांग ना मामांना," बायको दाफिशा म्हणाली.

"काय सांगू? अकरा वर्षं उलटं डोकं लावलंत म्हणून?"

"गोड शब्दांत सांग."

गोड शब्द काही सापडले नाहीत. शेवटी तो मामांना म्हणाला, "मामा, तुमचं काम जरा वर येऊन दाखवता?"

मामा गालात क्वायचा विडा धरून खुशीत चढले. किटबोरने पाण्याची किटली त्यांच्याच हातात दिली. मामांनी चिमणीच्या वरून धार धरली.

"दादा, माझ्या डोक्यावर पडलं!" खालून काँग ट्रिली.

मामांनी पुन्हा ओतलं, या वेळी हळू, पाण्याला सुधारायची संधी देत.

"आता मानेवर."

मामांनी विडा चघळून संपवला. किटबोर खिळे मोजत राहिला.

"पाण्याला कोण मामा नि कोण जावई, काही कळत नाही," मामा म्हणाले. "काढ ती पट्टी."

दोघांनी डांबर खरवडलं. आधी खालची पट्टी बसवली, मग तिच्यावर चढतील अशा बाजूच्या. शेवटी वरची, तिची कड पत्र्याखाली सरकवून. विटांच्या सांध्यात खाच पाडून त्यात आणखी एक पट्टी दुमडली, म्हणजे विटांवरून ओघळणारं पाणीही बाहेरच पडेल.

"वरच्याने खालच्यावर छत्री धरायची," मामा म्हणाले. "मला माहीत होतंच."

"तुमच्याकडूनच शिकतोय, मामा."

"खोटं बोलताना हात थांबवू नकोस."

दुपारी पाऊस सुरू झाला तो चार दिवस दम न घेता. चौथ्या संध्याकाळी काँग ट्रिलींनी चिमणीच्या विटांवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. तळव्याला फक्त काजळी लागली. त्यांनी जाळ वाढवला आणि जादोहचं, म्हणजे मटण घातलेल्या भाताचं, मोठं भांडं चढवलं. सगळे चुलीभोवती सरकून बसले. डांबर लावणारे लोक कसे अडाणी असतात, हे मामा शेजाऱ्यांना समजावत होते.

"आणि चिमणी पाडायची होती ना?" दाफिशाने विचारलं.

"असं कोण म्हणालं?" काँग ट्रिलींनी विचारलं.

घरात कोणालाच आठवेना.