कापसाच्या खोलीतला अंगठा

मार्गशीर्षात कापूस आला की घर घर राहत नसे. मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत चढायचा. वाकून आत शिरलं की भिंती नाहीत, कोपरे नाहीत, नुसती पांढरी ऊब. कुंभार पिंपळगावाजवळच्या या गावी प्रभावती सून म्हणून आली त्याला पाच वर्षं झाली होती, तरी त्या दाराशी उभं राहिलं की आपण जागे आहोत ना, अशी तिला शंका यायची.

यंदा शंका घेत बसायला सवड नव्हती. तिची साडेतीन वर्षांची शिवकन्या अजून अंगठा चोखत होती, आणि सासूबाईंनी येत्या बाजारातून बिबा आणायचं ठरवलं होतं.

"एकदा बिबा लावला की बिलकुल तोंडात घालायची न्हाई," गोजरबाई चुलीपुढून म्हणाल्या. "दात पुढं आल्यावर मंग कोण करून घेईन तिला?"

"बिबा उततो, आत्याबाई. कातडी सोलून निघेल तिची."

"तुझ्या नवऱ्याला लावल्ता की. कुठं काय झालं? दोन भाकरी जास्तीच्याच खातो."

बद्रीनाथ हसला, पण हसता हसता त्यानं उजवा हात मांडीखाली सरकवला. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी गुळगुळीत काळा डाग होता, तो प्रभावतीला ठाऊक होता.

औरंगाबादच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला बालकांच्या सवयींची कारणं तिनं मन लावून ऐकली होती. सवयी सोडवायच्या कशा, हे सांगायच्या आत बहुधा तास संपला असावा. मग तिनं तिच्या परीनं करून पाहिलं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. शिवकन्येनं तोंड वेडंवाकडं केलं, चाटून चाटून साफ केलं आणि "कडू संपलं" असं सांगून पुढं चोखायला लागली. झबल्याची बाही लांब करून टोक शिवून टाकलं, तर ती बाहीच चोखू लागली. मग उरला एकच उपाय, पहारा. "शिवे, हात खाली. शिवे, काय सांगितलं?" पोर अंगठा काढायची आणि आईच्या डोळ्यांकडं बघत राहायची. डोळे वळले की अंगठा आत. हल्ली तर ती धान्याच्या कणगीमागं लपून चोखायची. आपल्या लेकीला आपल्यापासूनच लपावं लागतं, हे प्रभावतीला फार लागलं. पण बिब्याचं आठवलं की पुन्हा तोंडातून निघायचंच, "हात खाली."

बाजाराच्या दिवशी गोजरबाई टोपली घेऊन गाडीत बसल्या. जेवणं झाल्यावर प्रभावती लेकीला घेऊन कापसात शिरली. पोर झोपेपर्यंत तिचा अंगठा धरून ठेवायचा, असा तिचा बेत होता.

झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा येत होता. त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, वर जात होते की खाली येत होते ते कळत नव्हतं. सरकीचा तेलकट, गोडसर वास होता. अंग हळूहळू आत बुडत गेलं. "हात खाली," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला कुणा दुसऱ्या बाईचा वाटला. तो कापसात रुतला आणि परत आलाच नाही. मग ती एका पांढऱ्या रानातून चालत होती. पुढं शिवकन्या. पावलं उमटत नव्हती. कुणीच कुणाकडं वळून बघत नव्हतं.

जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा सरकून पार दाराशी गेला होता. ती दचकून उठली. झोपलो कसे आपण!

शिवकन्या शेजारीच गाढ झोपली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत कापसात खुपसलेले. तोंड अर्धं उघडं, ओठाला दोन तंतू चिकटलेले, आणि गालाशी थुंकलेले ओले बोळे. ओल्या अंगठ्याला कापूस चिकटला असणार. तोंडात गेला, थुंकला, पुन्हा गेला, पुन्हा थुंकला. शेवटी हातांनी आपली आपण जागा शोधली होती.

दारात गोजरबाई वाकून उभ्या होत्या.

"घातला न्हाई तोंडात?"

"नाही वाटतं."

"वाटतं म्हंजी? तू काय करून राह्यली व्हतीस?"

"झोपले होते."

"बरं झालं. पोरीच्या मागचं भूत जरा निजलं." त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "कापूस हाय तवर थांबते. गाडी गेल्यावर पुन्हा घातला, तर मंग मी हाय न बिबा हाय."

कापूस होता तोवर शिवकन्या रोज तिथंच झोपली. मग एका सकाळी बद्रीनाथनं गाड्या भरल्या आणि कापूस खरेदी केंद्रावर गेला. खोलीला पुन्हा भिंती आल्या, बोललं की आवाज घुमू लागला.

दुपारी प्रभावतीनं तिथंच गोधडी अंथरली. उंबऱ्यात गोजरबाई सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या, नजर मात्र गोधडीवर. शिवकन्येनं अंगठा डोळ्यांसमोर धरला. उलटा करून पाहिला. सुलटा करून पाहिला.

"हात खाली" प्रभावतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

पापण्यांच्या आत कुठंतरी ते पांढरं रान अजून होतं. ती त्यात उभी राहिली, पाठ करून. खूप वेळ काहीच झालं नाही. मग तळहातावर मुंग्या चालल्यासारखं झालं. इवली बोटं तिची मूठ उघडत होती. एकेक बोट सोडवून झालं आणि आत एक छोटा, कोरडा अंगठा येऊन बसला.

तिनं मूठ आवळली नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. उंबऱ्यावरचं सूप थांबलं होतं. थोड्या वेळानं ते पुन्हा हलू लागलं, अगदी हळू.