चुकीचा क्योलर

क्योलर म्हणजे कोळसा पाडणारा. पण फोल्कमार क्योलरने उभ्या जन्मात कोळशाला हात लावला नव्हता. ब्राउनश्वाइगमध्ये त्याने ट्राम चालवली, तीही इतकी नीटनेटकी की संध्याकाळी घरी आल्यावर कॉलरची घडी सकाळसारखीच असायची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातला प्रकार.

तरी त्याला आडनावाचं फार वेड होतं, आणि ते लावलं होतं बापाने. बाप सांगायचा, क्योलर तेवढे सगळे एका रक्ताचे. हार्त्सच्या डोंगरात एक गाव आहे, हासेलग्रुंड. तिथे प्रत्येक दुसऱ्या दारावर आपलं नाव आहे. एकदा जाऊ. बाप न जाताच गेला. फोल्कमारची बायको उल्रिक चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर टेबलावर एकच बशी, एकच अंडं आणि रेडिओवाल्याशी हुज्जत. फोल्कमारला माणसं हवी होती. दुसरं काही नको होतं.

उन्हाळ्यात हासेलग्रुंडला जुन्या पद्धतीची कोळशाची भट्टी लावतात आणि पाहुण्यांची सोय घरोघरी करतात, असं त्याच्या कानावर आलं. त्याने फोन लावला. आमच्या जर्मनीत फोनवर माणूस फक्त आडनाव सांगतो, पहिलं नाव घरच्यांसाठी राखून ठेवतो. तिकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "क्योलर." हाही म्हणाला, "क्योलर." दोघांचंही बरोबर होतं.

"कोणाचा?" आवाजाने विचारलं.

हा प्रश्न त्याला कोणी विचारून युगं लोटली होती. तो खुशीत म्हणाला, "हेल्मुटचा. ब्राउनश्वाइगहून बोलतोय."

पलीकडे खुर्ची ओढून कोणीतरी बसल्याचं ऐकू आलं. मग आवाज म्हणाला, "शुक्रवारी ये. जेवायलाच ये." आणि फोन ठेवून दिला. पैशाचं नाही, खोलीचं नाही, काहीच बोलणं नाही. फोल्कमारने मनात म्हटलं, रक्त ते रक्त.

शुक्रवारी तो बसमधून उतरला आणि त्याचे डोळे भरून आले. पाववाला क्योलर, छपरं शाकारणारा क्योलर, केस कापणारी क्योलर. थांब्यावरच्या बाकावर एक जाडगेला माणूस पाइप ओढत बसला होता. फोल्कमारने त्याला क्योलरांचं घर विचारलं. तो माणूस ठसका लागेपर्यंत हसला.

"कोणते क्योलर हवेत? पाणवठेवाले, लंगड्या घोड्याचे, की दोनदा जळालेले? मी रायनर, दोनदा जळालेला. म्हणजे घर जळालं, मी शाबूत आहे."

या गावात आडनावाचा उपयोग फक्त थडग्यावर व्हायचा. एरवी घराला नाव होतं आणि माणूस घराच्या नावाने ओळखला जायचा. फोल्कमारने फोनचा नंबर दाखवला तेव्हा कळलं, त्याला जायचं होतं पाणवठेवाल्यांकडे, इर्मट्राउट म्हातारीकडे. रायनर वाट दाखवायला निघाला आणि चालता चालता फोल्कमारने त्याला मोठ्या अभिमानाने एका रक्ताची गोष्ट सांगितली.

रायनर म्हणाला, "कसलं रक्त घेऊन बसलात? जुन्या काळी सरदाराचा कारकून कर वसूल करायला आला. झोपडीपुढे उभा राहून विचारलं, तू कोण? समोर काळं तोंड, मागे धूर. त्याने लिहिलं, कोळसेवाला. पुढच्या झोपडीतही काळं तोंड. पुन्हा कोळसेवाला. लोखंड वितळवायचं तर कोळसा पाहिजे, म्हणून जिथे जंगल तिथे क्योलर. देशभर सुकाळ आहे आपला. तुमचं माझं नातं म्हणजे दोन गावच्या दोन न्हाव्यांचं नातं."

बापाने साठ वर्षं जपून ठेवलेला फुगा एका परक्या माणसाने पाइपच्या टोकाने फोडला होता. तेवढ्यात पाणवठ्याजवळचं घर आलं.

दारात इर्मट्राउट उभी होती. मूठभर म्हातारी, पंचाऐंशीच्या पुढची, केस नुकतेच करून आणलेले. तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून खाली ओढला आणि बराच वेळ पाहिला.

"नाक अगदी हेल्मुटचं," ती म्हणाली.

ते खरंच होतं. फोल्कमारचं नाक बापावर गेलं होतं. त्याला वाटलं, रायनरला काय कळतंय! टेबल मांडलेलं होतं. बटाट्याचे वाफाळते गोळे, लाल कोबी, मांसाच्या वळकट्या, त्यावर दाट रस्सा, पलीकडे आलुबुखारचा केक. तो पाच गोळे हाणून सहाव्याकडे बघत होता, तेव्हा म्हातारी म्हणाली, "लाजू नकोस, डेटलेफ. आत्याच्याच घरी आहेस."

सहाव्या गोळ्याकडे निघालेला काटा वाटेतच थांबला.

मग तिनेच सगळं सांगितलं. तिचा धाकटा भाऊ हेल्मुट तरुणपणी, पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या हद्दीवर काटेरी तारा लागायच्या आधी, बायको आणि सहा वर्षांच्या डेटलेफला घेऊन पलीकडे ब्राउनश्वाइगला निघून गेला. आदल्या दिवशी भावाबहिणीचं कडाक्याचं भांडण झालं. बाप आजारी असताना तू जातोस कसा, असं ती म्हणाली आणि आणखीही बरंच म्हणाली. पुढे भिंत पडली, तारा निघाल्या, पण या दोघांचा हट्ट काही पडला नाही. भाऊ गेल्याचंही तिला कोणाकडून तरी उडत उडत कळलं. "तू स्वतःहून फोन केलास," ती म्हणाली, "यातच सगळं आलं बघ."

फोल्कमार वाईट माणूस नव्हता, पण भुकेला होता, आणि गोळ्यांची भूक त्यातली लहान. उद्या सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. आयत्या बिळावर नागोबा होऊन तो त्या रात्री भाच्याच्या गादीवर झोपला, आणि खरं सांगायचं तर गाढ झोपला.

सकाळी म्हातारीने पेटीतून एक जाड, धुराच्या वासाचा कोट काढला. हेल्मुटचा. भट्टी आज पेटणार होती, आणि पाणवठेवाल्यांच्या घरचा माणूस इतक्या वर्षांनी तिथे उभा राहणार होता. तिने कोट पसरून धरला. फोल्कमारने एक हात बाहीपर्यंत नेला आणि त्याला तो पुढे रेटवेना.

"मी फोल्कमार," तो म्हणाला. "माझे वडीलही हेल्मुटच, पण दुसरे. मी कालच बोलायला हवं होतं. मला इथून उठवेना."

म्हातारीने कोटाची घडी केली. फार सावकाश केली. तिचं तोंड इतकं लहान दिसायला लागलं की फोल्कमारला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काल किती गोळे खाल्लेत तुम्ही?" तिने विचारलं.

"पाच. नंतर अजून एक."

"ते भाच्याचे होते. आता भाच्याच्या वाट्याची राखणही करा. भट्टीवर प्रत्येक घराला वाटा उचलावा लागतो आणि माझ्या घरी पुरुष नाही. खाल्ल्या मिठाला जागा आणि मग कुठे जायचं तिकडे जा. झोपायला तिथे झोपडी आहे, या घरात नाही."

असा फोल्कमार भट्टीवर आला. ओंडके उभे रचून केलेला घुमट, त्यावर फांद्या, त्यावर माती, मध्ये धुराचं भोक. आत लाकडाने धुमसायचं, पण पेटायचं नाही. कुठे माती खचली आणि हवा शिरली, की पंधरवड्याचं काम राख. रायनरने त्याला शिकवलं. धूर पांढरा आणि दाट आहे तोवर लाकूड पाणी टाकतंय, निळा आणि पातळ झाला की कोळसा पडला. घुमटावर चढायचं, लाकडी मोगरीने ठोकायचं, पोकळ वाजलं की तिथे माती दाबायची. पहिल्या दिवशी फोल्कमार चढला दोन पायांवर आणि उतरला बसून. ट्राम बरी, ती निदान पायाखाली तापत नाही, असं तो म्हणाला. बघ्यांनी मनसोक्त हसून घेतलं. आठवडाभरात त्याची कॉलर कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते ते ओळखू येईना.

म्हातारी रोज रायनरच्या हाती डबा पाठवायची. डबा भरगच्च असायचा, निरोप कधीच नसायचा. एकदा ती स्वतः आली. भट्टीभोवती फिरून तिने त्याने दाबलेली माती काठीने टोचून पाहिली आणि "ठीक आहे, श्रीयुत क्योलर," एवढं बोलून निघून गेली. ते 'श्रीयुत' त्याला मोगरीपेक्षा जोरात लागलं.

राखणीत बसून राहणं फार असतं. बसल्या बसल्या त्याला एक कल्पना सुचली. ज्याच्या बिळात आपण शिरलो, त्या खऱ्या डेटलेफलाच शोधून काढावं. पण ब्राउनश्वाइगमध्ये क्योलर पैशाला पासरी, डेटलेफही काही कमी नाहीत. तरी त्याच्याजवळ एक विद्या होती, जी फक्त मुबलक आडनावाच्या माणसाजवळ असते. जन्मभर त्याच्याकडे दुसऱ्या क्योलरांची पार्सलं येत होती, दुसऱ्या क्योलरांचे फोन येत होते. त्यामुळे त्याला दातांचे डॉक्टर क्योलर माहीत होते, ज्यांचे रोगी गाल धरून त्याच्या दारात यायचे. त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांकडे चुकून एका नळदुरुस्तीवाल्या क्योलरची गिऱ्हाइकं यायची. नळवाल्याला पियानो शिकवणाऱ्या क्योलरबाईंच्या विद्यार्थ्यांचा ताप होता. कुणाच्याच अंगात नात्याचा थेंब नव्हता, पण सगळे एकमेकांच्या चुका वर्षानुवर्षं झेलत होते, आणि अगदी आपुलकीने. प्रत्येकाला तो तेच विचारायचा, हार्त्समधल्या हेल्मुटचा डेटलेफ ठाऊक आहे का? पियानोवाल्या बाई म्हणाल्या, माझ्याकडे अधूनमधून दुसऱ्याच कोणाचे तरी चष्मे येतात. तो माणूस घ्यायला येतो तेव्हा फार हळू बोलतो, आणि एकदा म्हणाला होता की त्याला लहानपणीचं एक पाणवठ्याजवळचं घर आठवतं.

बाईंनी त्या माणसाचा नंबर दिला, आणि फोल्कमार फोन हातात घेऊन भट्टीभोवती एक चक्कर मारून आला. हा फोन केला की त्या घरातली खुर्ची कायमची गेली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. न केला तर म्हातारी वाट बघत बसणार, हेही दिसत होतं. त्याने शिवी हासडली आणि फोन केला.

धूर निळा होऊन भट्टी उघडायची वेळ आली, त्या दिवशी डेटलेफ आला. उंच, इस्त्रीची पँट, हातात फुलं. नाक आईवर गेलेलं, हेल्मुटचा मागमूस नाही. म्हातारीने त्याचा चेहरा खाली ओढला आणि या वेळी नाकाबद्दल काही न बोलता रडली. फोल्कमार लांबून कोळसा उपसत होता. त्याला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं, आणि तरी त्याने तिकडे पाठ केली. दुपारी त्याने झोपडीतली पिशवी भरली. चारची बस होती. निरोप न घेता जाणं बरं दिसणार नाही, म्हणून तो पाणवठ्याच्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला.

आत टेबलावर ठेवणीतला सोनेरी काठाचा सेट निघाला होता. डेटलेफ चांगल्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. म्हातारी त्याला विचारत होती, अजून थोडी कॉफी चालेल का, केक फार गोड तर नाही ना झाला? तो म्हणत होता, छान आहे, आभारी आहे. त्याने बशा उचलायला हात पुढे केला, तर तिने तो हळूच बाजूला सारला. पाहुण्यांनी बसावं, ती म्हणाली.

मग तिला दारातला फोल्कमार दिसला.

"हे काय, बुटांसकट? मागच्या दाराने ये की. आणि पिशवी कसली ती?"

"चारची बस..."

"बस? अर्धी भट्टी उपसायची आहे, रायनरची कंबर धरली आहे, आणि हा बसने निघाला. हात धू आधी. तिथे नको, तो पाहुण्याचा टॉवेल आहे. चुलीजवळ फडकं आहे ते घे आणि एवढ्या बशा पुसून टाक."

डेटलेफने बिचाऱ्याने कौतुकाने विचारलं, हे घरातलेच का?

म्हातारीला त्या प्रश्नात उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही. ती फोल्कमारकडे बघत होती. त्याने पुसलेली पहिलीच सोनेरी बशी तिने उजेडात धरली. बशीच्या मधोमध काळा अंगठा उमटला होता.

"डोळे फुटलेत का तुझे, फोल्कमार? माझ्या आईची बशी आहे ती. एक काम धड करशील तर शपथ."

उल्रिक गेल्यापासून त्याला असं कोणी बोललं नव्हतं. त्याला काही दिसेना, म्हणून तो पाठ फिरवून उभा राहिला आणि नळ सोडून तीच बशी पुन्हा धुवायला लागला.