गोधडीखालचा उजेड

बद्रीनाथ नानांचं म्हणणं ठाम होतं: त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, गाडीच्या मीटरचा दिवा गेलाय.

"दिवाच नाय तर काटा दिसंल कसा?" ते लेकीला विचारत. "तू तर दिव्याचीच नोकरी करती. सांग की."

वाळूजच्या एका कारखान्यात तनुजा मोटारसायकलींचे मीटर तपासायची. काट्यामागचा उजेड सगळीकडे सारखा पडतो की नाही, डोळ्याला बोचतो की नाही, हे पाहणं तिचं रोजचं काम. आणि नानांचं बोलणं अर्धं खरं होतं. त्यांच्या फियाटच्या मीटरचा दिवा खरंच गेला होता, आणि जाऊनही बरीच वर्षं झाली होती. उरलेलं अर्धं म्हणजे दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू. तो पिकत आलाय असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून नाना दिव्याबद्दल जरा जास्तच बोलायला लागले होते.

दुधी रंगाची ती फियाट त्यांनी पाटबंधारे खात्यात असताना घेतली होती. तनुजा जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आली ती याच गाडीतून. गारखेड्यातल्या घरात पोर्च आधी बांधला गेला आणि स्वयंपाकघराचा ओटा नंतर, हे तिची आई द्वारकाबाई आल्यागेल्याला अजून सांगत असे.

परवा जिन्सीतून गयासभाईंचा फोन आला. गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं जुनं दुकान. फियाटला त्यांच्याशिवाय आणि नानांशिवाय कुणी हात लावत नसे.

"बेटा, बुरा नको मानू," ते म्हणाले. "शाम को नाना आए थे. चाय पिए, बातां करे. जाते वखत केलेवाले की गाडी से इत्ते से बचे. वो चिल्लाया, तो नाना उसीको डाँटे, के गाडी पे दिवा कायको नहीं लगाता!" ते मोठ्यानं हसले आणि मधेच थांबले. "मेरे को हँसी आई, बेटा. फिर नींद नहीं आई."

झोप तनुजालाही आली नाही. पुढच्या आठवड्यात नानांच्या पुतण्याचं, कृष्णाचं लग्न गंगापूरला होतं. हळद संध्याकाळी. नाना सगळ्यांना सांगून बसले होते की ते स्वतः गाडी घेऊन येणार आणि हळद उरकून तसेच परत फिरणार. गंगापूरचा तो रस्ता, समोरून उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागं दिवा असला तर असला. तिनं वाद घालायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी तिच्या तोंडून निराळंच निघालं.

"नाना, मी मीटरचा दिवा दुरुस्त करते. मग काटा दिसला तर डोळ्यांचं नाव काढणार नाही."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "आन् नाय दिसला तर?"

"तर दवाखान्यात जायचं."

"दिसंल," नाना म्हणाले. "तू नीट काम कर म्हंजे झालं."

रविवारी सकाळी ती गाडीत शिरली. आधी बॅटरीची तार सोडली, मग मीटरचा डबा पुढे ओढला. मागे वायरींचं जाळं होतं, आणि ऊन खाऊन खाऊन सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. कारखान्यातली सवय म्हणून प्रत्येक वायरीला तिनं कागदी चिकटपट्टी लावली, पट्टीवर खूण केली. एका वायरीचं आवरण तडकलेलं होतं. ती तिनं वेगळी काढून बाजूला घेतली आणि तिच्यावर नवी नळी चढवली.

बल्ब काळे पडले होते, पण खरं दुखणं बल्बचं नव्हतं. तार तेवढ्यापुरती जोडून मोजलं, तर बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट होते ते बल्बपाशी जेमतेम सात पोचत होते. विजेची वाटच गंजली होती. तिनं बल्बची खोबणी पॉलिश पेपरनं घासली, डब्याचा पत्रा गाडीच्या अंगाला टेकतो ती जागा चकचकीत केली. डब्याच्या आतला पांढरा रंग भाजून तपकिरी झाला होता. उजेड परतवायचं काम त्याचं, म्हणून तो नव्यानं दिला. गयासभाईंनी एलईडी लावायचा आग्रह केला होता, "एकदम चकाचक, नवरी के माफिक." तिनं नको म्हणून त्यांच्याकडच्या पत्र्याच्या डब्यातून साधे जुने बल्बच निवडून आणले होते. बल्बपुढे रंगीत काचेसारखी एक पट्टी होती. ती मूळचीच होती आणि तिला काही झालेलं नव्हतं. उजेड बदलला की पट्टीचा रंगही बदलणार, आणि तो रंग तिला लहानपणी पाहिला होता तसाच हवा होता.

त्या रंगावरून घरात भांडण होतं.

"मोरपंखी होता," द्वारकाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या. "रात्री माहेराहून येताना मी त्याच्याकडंच बघत बसायचे. ह्यांच्याकडं बघून करायचं काय?"

"हिरवा," नाना पायरीवरून म्हणाले. "साधा हिरवा. पोपटासारखा."

"म्हणून तर पोपटी लुगडं आणलं ना! तनूच्या साखरपुड्याला म्हणलं, मीटरच्या दिव्यासारखं आणा. आणलं काय, तर पोपट. सगळं गाव बघत होतं माझ्याकडं."

"दिव्यासारखंच होतं ते."

"आवो, डोळे हायेत का काय हायेत!"

बोलून गेल्या आणि द्वारकाबाईंनीच जीभ चावली. तनुजानं चहाचा घोट घेतला, मीटर उलटसुलट पाहिला आणि घाईनं जागेवर बसवायला घेतला. नाना उठून घरात गेले.

दुपारी सगळं जोडून झालं. दिवा लागला की नाही हे बघायचं तर अंधार हवा. संध्याकाळपर्यंत थांबायला नाना तयार नव्हते, आणि संध्याकाळी समोरच्या खांबाचा पांढरा झोत थेट पोर्चमध्येच पडायचा. कारखान्यात मीटर तपासताना वर काळा कपडा टाकतात. तनुजानं तसं सांगताच द्वारकाबाईंनी दिवाणातून दोन जाड गोधड्या काढल्या. एक समोरच्या काचेवर, एक दारांवरून. शेजारच्या सुलेखावहिनी गच्चीवरून ओरडल्या, "काय वो, गाडीला थंडी वाजती का?"

"ताप आलाय," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या बाहेर थांबून गोधडीची कड घट्ट धरणार होत्या, फटीतून ऊन येऊ नये म्हणून.

आत नाना स्टेअरिंगपाशी, तनुजा बाजूला. गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. अंधार पुरेसा झाल्यावर नानांनी किल्ली फिरवली आणि सवयीनं, न चाचपडता, दिव्याचं बटण ओढलं.

उजेड आला. हळूच, मागून उमलावा तसा. काळ्या तबकडीवरचे आकडे एकेक करून वर आले. लहानपणी मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन तनुजा याच उजेडाकडे पाहत असे, आणि तो दिसतोय तोवर आपण घरी पोचणारच, असं तेव्हा तिला वाटायचं. रंग मोरपंखीच होता.

"लागला," नाना म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "लागला गं! बघ, हिरवा हाय का नाय?"

"काटा दिसतो?"

"दिसतो की. हा बघ, शून्यावर. गाडी उभीच हाय, शून्यावरच असणार." त्यांनी बोट पुढे केलं. "आन् हे पेट्रोल. निम्म्याच्या वर. कालच टाकलंय मी."

तनुजानं पाहिलं. पेट्रोलचा काटा पार तळाला निजला होता.

आधी तिला स्वतःची चूक कळली. नळी चढवलेली ती वायर. बाजूला घेतली होती, चहा आला, लुगड्याचं निघालं, आणि तिनं मीटर तसाच आत ढकलला. एवढ्या खुणा करून एक वायर राहिलीच.

मग दुसरी गोष्ट कळली.

नाना अजून काट्याकडे पाहत होते. नव्हे, काटा असायला हवा त्या जागेकडे. चेहरा खुशीनं भरलेला, त्यावर तो कोवळा उजेड. पैज आपण जिंकलो असं त्यांना वाटत होतं. तिनं "हो नाना" म्हटलं असतं तर दुपार गोड झाली असती, आणि पुढच्या आठवड्यात गंगापूरचा रस्ता.

"नाना," ती म्हणाली, "माझी एक चूक झाली."

"काय?"

"एक वायर लावायची राहिली."

"होतं तसं. कुठली?"

बाहेर आईच्या बांगड्या वाजल्या.

"पेट्रोलच्या काट्याची."

नानांचं बोट तबकडीसमोर तसंच थांबलं. मग त्यांनी ते हळूहळू मागे घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. त्यांनी विचारलं, "म्हंजे काटा हाय कुठं?"

"खाली. तळाला."

"हां."

ते पुढे वाकले. नाक काचेला लागेल इतके वाकले. मग मागे टेकले.

"उजेड दिसतो," ते म्हणाले. "खोटं नाय सांगत. उजेड हाय, आकडे हायेत असं वाटतं. धुक्यात दिसावं तसं." जरा थांबून म्हणाले, "दिवा चांगला झालाय म्हंजे."

"दिवा चांगला झालाय."

"तू काम नीट केलं."

"वायर राहिली की."

"ती राहिली ते बरं झालं," नाना म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता पुढे बोलले, "तनू, आमच्या हापिसातल्या रामकिसनभाऊनं डोळा करून घेतला, तवा त्याच्या पोरांनी मोटारसायकल विकून टाकली. दवाखान्यातून आला तर दारात गाडी नाय. आराम करा म्हणले. आराम करून करून दोन वर्षांत गेला माणूस."

इतके दिवस नाना दिव्याबद्दल बोलत होते ते यासाठी, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिनं हात पुढे करून किल्ली बंद केली, काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं मिटून घेतली.

"ही तुमच्याजवळ राहील. कुणी मागणार नाही. हळदीला फक्त मी चालवते. तुम्ही बाजूला बसा आणि माझ्या चुका काढा."

"त्या तर काढीनच. क्लच लई दाबती तू."

"आवो, झालं का?" बाहेरून द्वारकाबाई म्हणाल्या. "माझे हात मोडले धरून धरून. लागला का दिवा?"

"लागला," नाना आतून म्हणाले. "चष्मेवाल्या डॉक्टरचा नंबर कुठं ठेवलाय तो काढ."

बाहेर गोधडीची कड सुटली आणि उन्हाचा पट्टा थेट तनुजाच्या डोळ्यांवर आला.

हळदीहून येताना तनुजानं गाडी चालवली. ती वायर आता जागेवर होती, काटा निम्म्याच्या वर. नानांनी लासूरचा फाटा येईपर्यंत तिचं क्लच दाबणं मोजलं, आणि मग मागच्या सीटवरच्या द्वारकाबाईंसारखेच झोपी गेले.

कृष्णाच्या लग्नानंतर नानांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा डोळा नंतर करायचा होता. हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, थेंबांच्या बाटल्या आल्या, आणि एका दुपारी तनुजा कामावरून लवकर घरी परतली तर नाना स्वतःच दोन्ही गोधड्या खांद्यावर टाकून पोर्चमध्ये उभे.

"वाकायचं नाही असं सांगितलंय ना?"

"वाकत नाय. टाक ह्या गाडीवर. आन् तुझ्या आईला बोलव."

"भाकरी टाकल्यात मी," द्वारकाबाई आतून म्हणाल्या.

"गॅस बंद कर. ये."

त्या पिठाचे हात घेऊनच आल्या. नाना त्यांना बाजूच्या सीटवर बसवून स्वतः स्टेअरिंगपाशी बसले, दार लावलं. या वेळी गोधडीची कड धरायला तनुजा बाहेर राहिली. आत बटण ओढल्याचा खट्ट आवाज झाला.

तनुजानं मनाशी हिशेब मांडला होता. मोतीबिंदू डोळ्यातलं भिंग पिवळं करत जातो, इतकं सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. निळा सगळ्यात आधी हरवतो. पिवळ्यातून पाहिलेलं मोरपंखी हिरवंच दिसणार. नानांचं खोटं नव्हतं आणि आईचंही. पण हे तिनं दोघांनाही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं नव्हतं.

"काटा निम्म्याच्या खाली," नानांचा आवाज आला. "थोडासाच खाली."

"मग पेट्रोल टाका. ह्याच्यासाठी भाकरी करपवली का माझी?"

"थांब. आता हा डोळा झाकतो." थोडा वेळ गेला. "डाव्यानं हिरवा हाय. पोपटी. आता तो झाकतो."

तनुजानं कान गोधडीला लावला.

"द्वारका."

"काय वो?"

"मोरपंखी हाय गं."

द्वारकाबाई हसल्या, पण ते हसणं ओलं होतं.

"आता कळलं," त्या म्हणाल्या. "आन् त्या पोपटी लुगड्याचं काय करू मी?"

"दुकानात जाऊ. या डोळ्यानं बघून घेतो."

"दुसरा डोळा होऊ द्या आधी. एकानं बघून पुन्हा काहीतरी आणाल."

नाना काहीतरी पुटपुटले. त्यावर द्वारकाबाईही हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, आणि ते बाहेर ऐकू आलं नाही. गच्चीवरून सुलेखावहिनींनी विचारलं, "आज पुन्हा ताप आला का गाडीला?" तनुजानं मान वर करून तोंडावर बोट ठेवलं. हात भरून आले होते. तिनं गोधडीची कड दोन बोटं आणखी खाली ओढली, आत कुठूनही ऊन जाऊ नये म्हणून, आणि तशीच उभी राहिली.