न पुसली जाणारी रेघ

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो, आणि माझा बराच वेळ आता कपाटात स्वप्नं बघण्यात जातो. कारखान्यातून खोक्यात बसून निघालो तेव्हाही मी स्वप्नातच होतो. वाटलं होतं, आपण समुद्र दाखवू, बर्फाचे डोंगर दाखवू. आणि नशिबी काय आलं? पुस्तपालनाचा तास! हात्तिच्या, म्हटलं, आता जन्मभर जमा आणि नावे.

त्या वर्गाच्या सरांची ख्याती होती ती एका रेघेसाठी. पट्टी न लावता ते फळ्याच्या मधोमध सरळ उभी रेघ ओढत. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. पण पुढे त्यांचा हात थरथरू लागला. रेघ नागमोडी होई, आकडे शेजाऱ्याच्या घरात शिरत आणि मुलांच्या बेरजा चुकत. मुख्याध्यापिका एकदा हळूच म्हणाल्या, “सर, पुरे झालं आता. या वर्षानंतर आराम करा.”

“घरी बसून काय भिंती मोजू?” सर पुटपुटले. शिकवण्यावाचून त्यांना दुसरं सुख नव्हतं हो! त्यातच मी आलो. सर माझ्याकडे सवतीकडे बघावं तसे बघत.

पहिल्या दिवशी पडदा आला नव्हता, म्हणून संगणकाच्या बाईंनी मला मधल्या बाकावर ठेवलं आणि हिशोबाच्या प्रोग्रॅममधलं कोरं खातं थेट फळ्यावर पाडलं. सवयीने सरांनी त्यातच खडूने आकडे लिहिले. घंटा झाली तसं त्यांनी डस्टर फिरवलं. आकडे गेले, रेघ मात्र तशीच राहिली. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग जोर लावून घासलं. रेघ काही हलेना. उलट ती त्यांच्याच हातावर उमटली.

वर्गात हशा पिकला. सारखी चिवचिवणारी एक मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. ती ओरडली, “सर, ती नाही पुसली जायची! ती प्रोजेक्टरमधून येतेय!”

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर डस्टर धरून उभे राहिले. मग एकदम हसले. “म्हणजे ही मला ओढावीच लागणार नाही?”

दुसऱ्या दिवसापासून रेघ माझी आणि खडू मुलांचा. मुलं माझ्या उजेडात उभी राहून नोंदी लिहीत, खडूची धूळ त्यात सावकाश तरंगत राही. प्रोग्रॅम दोन्ही बाजूंची बेरीज आयती देई, पण सर माझ्या भिंगापुढे हात धरून ती झाकत. “आधी तुम्ही जुळवा. यंत्राला नंतर विचारू.”

तो हात थरथरे आणि फळ्यावर त्याची सावली पाखरासारखी फडफडे. बेरीज जुळली की मुलं ओरडत, “सर, पाखरू उडवा!” सर हात काढून घेत. खाली तोच आकडा असे. अहाहा! समुद्र दाखवायची हौस मी तिथेच विसरलो.

एकदा मुख्याध्यापिका दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “सर, पुढच्या वर्षी तुमचे तास सकाळी ठेवू का?” सरांनी होकाराची मान हलवली आणि खडू उचलून खिशात ठेवला.

त्यानंतर सर किती तरी वर्षं शिकवत राहिले, मग मनासारखे निवृत्त झाले. आता भिंतीवर मोठा टीव्ही आहे. माझे रंग विटलेत. पण त्या टीव्हीवर सावली पडत नाही ना! म्हणून नव्या बाई अधूनमधून मला बाहेर काढतात. नव्या बाई म्हणजे कोण, सांगू? आपली चिमणी!

मित्रांनो, माझं एवढं ऐका. दिवा मालवल्याबरोबर माझी वायर खेचू नका. आत पंखा फिरत असतो, मला निवायला जरा वेळ लागतो. जुन्यापान्यांना तेवढा वेळ द्यावा.

चिमणी तो देते. तिचा हात अगदी स्थिर आहे. पण भिंगापुढे धरला की ती मुद्दाम बोटं थरथरवते.